सिस्टर, ‘मिली’च्या दुपारबद्दल आभार

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

तुमचा विषय निघाला की मी ‘मिली’ सिनेमाबद्दल बोलायला लागते आणि समोरचा गोंधळतो. म्हणून एकदा सगळ्यांसमोर लिहूनच टाकते.

पहिल्या भेटीत तुम्ही ह्यांना विचारलंत, “काका, काय करावंसं वाटतं?” स्वादुपिंडाचा कॅन्सर, पोटातून पाठीत जाणारी कळ, आणि हे म्हणाले, “हिच्याशेजारी बसून अख्खा सिनेमा बघायचाय.” मला वाटलं, चेष्टा करताहेत. तुम्ही मात्र वहीत लिहून घेतलंत आणि कुठला सिनेमा तेही विचारलंत.

मॉर्फिनचं नाव काढलंत तेव्हा नणंदबाईंनी मला स्वयंपाकघरात ओढून विचारलं, “म्हणजे आता संपलंच का?” तुम्ही त्यांनाच समोर बसवलंत. दिवस किती उरलेत ते बघून नाही, दुखतंय किती ते बघून हे औषध देतात. गोळी दर चार तासांनी, कळ यायची वाट न बघता. आणि सोबत पोट साफ होण्याचं औषध न चुकता. हे शेवटचं कुठल्या सिनेमात सांगतात? तिथला आजारी माणूस खोकतो, चार सुंदर वाक्यं बोलतो आणि मान टाकतो. त्याला बद्धकोष्ठ होत नाही, त्याचं तोंड कोरडं पडत नाही.

गोळी लागू पडायला अर्धा-पाऊण तास लागतो हे धरून तुम्ही वेळ ठरवलीत. साडेबाराला पेज, एकला गोळी, पावणेदोनला सिनेमा. ह्यांच्या पाठीशी दोन उशा, गुडघ्यांखाली एक. आणि मला म्हणालात, “काकू, औषधांचा डबा माझ्याकडे द्या. तुम्ही नुसत्या शेजारी बसा.” कितीतरी महिन्यांत मी ह्यांच्या शेजारी नुसती बसले नव्हते, सिस्टर. उठवायला, पुसायला, भरवायलाच जवळ जायचे.

जया भादुरी पडद्यावर आली आणि ह्यांचं ठरलेलं वाक्य आलं, “आपल्या फिल्म इन्स्टिट्यूटची!” जणू तिची प्रवेशपरीक्षा ह्यांनीच घेतली होती. मग मिलीचा आजार कळला, रक्तक्षयाचा एक प्रकार. जन्मभर औषधांचं दुकान चालवलेला माणूस तो, दरवेळी इथे चिडायचाच. “पर्निशियस ॲनिमिया! लिव्हर खायला देऊन हा आटोक्यात आणणाऱ्यांना १९३४ साली नोबेल मिळालं, १९४८ मध्ये बी-१२ हाती आलं, आणि हृषीकेश मुखर्जी १९७५ साली पोरीला स्वित्झर्लंडला धाडतात! माझ्या दुकानात पाठवा म्हणावं, इंजेक्शनं देतो.” तुम्ही हसून हसून डोळे पुसलेत. ह्यांच्या दुखण्यावर तसं इंजेक्शन नव्हतं, ते आपल्या तिघांनाही ठाऊक होतं. पण त्या दुपारी हे पुन्हा गल्ल्यावर बसले होते.

सिनेमा संपला तरी पुढच्या गोळीला अवकाश होता. ह्यांनी चहा मागितला, दोन घोट घेतलेही.

तुमची ड्यूटी तेव्हा कधीच संपली होती, हे मला तुमच्याबरोबरच्या मुलीकडून नंतर कळलं. त्याचे आभार वेगळे.

श्रावणात या. पुरण घालते. येताना ती कामाची पिशवी आणू नका. सिनेमा तुम्ही निवडा, फक्त आजारपणाचा नको.

तुमची,
डहाणूकर कॉलनीतली काकू