वॉशिंग्टनने चुकून फोडलेलं पाकीट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवार पुरवणीतला अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धावरचा लेख वाचला. लढाया, सनावळ्या सगळं जागच्या जागी आहे. पण लेखातला जॉर्ज वॉशिंग्टन पहिल्यापासून शेवटपर्यंत घोड्यावरच. हा माणूस आठ वर्षं पत्रं लिहीत आणि लिहवून घेत होता, त्याचा कुठे उल्लेख नाही. माझी सगळी नोकरी आवक-जावकच्या टेबलावर गेली, म्हणून मलाच ते जास्त खटकलं असेल.

एकच प्रसंग सांगतो. १६ नोव्हेंबर १७७६ रोजी न्यूयॉर्कजवळचा अमेरिकनांचा किल्ला फोर्ट वॉशिंग्टन पडला, अडीच हजारांहून जास्त माणसं इंग्रजांच्या हाती लागली. त्यानंतर वॉशिंग्टनचा विश्वासू अ‍ॅडज्युटंट जनरल (सैन्याच्या कचेरीचं काम पाहणारा अधिकारी) जोसेफ रीड याने वॉशिंग्टनच्याच हाताखालच्या जनरल चार्ल्स लीला खासगीत लिहिलं, की आमच्या साहेबांचा निर्णयच होत नाही. लीचं उत्तर आलं तेव्हा रीड कामानिमित्त बर्लिंग्टनला गेलेला. टपाल पडलं वॉशिंग्टनच्या हातात. कचेरीचंच असणार म्हणून त्याने पाकीट फोडलं. आत मजकूर असा, की लढाईत ही धरसोड मूर्खपणापेक्षा, भित्रेपणापेक्षाही घातक!

आमच्याकडे असं घडतं तर संध्याकाळच्या आत मेमो निघाला असता. वॉशिंग्टनने ३० नोव्हेंबरला ते पत्र रीडकडे रवाना केलं. सोबत छोटी चिठ्ठी : खासगी असेल अशी कल्पना नव्हती, कचेरीचं समजून उघडलं. वर बर्लिंग्टनच्या प्रवासात झालेल्या दगदगीबद्दल आभार! लीने काय लिहिलंय याबद्दल चकार शब्द नाही. मेमो परवडला. पुढे जून १७७७ मध्ये त्याने रीडला कळवलं, की वाईट वाटलं ते तुमच्या मतामुळे नव्हे, ते थेट मला सांगितलं नाहीत म्हणून.

लीचं म्हणाल तर, त्या चिठ्ठीनंतर तेराव्या दिवशी न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत इंग्रजांनी त्याला धरलं. तेव्हा अमेरिकन सैन्यातल्याच जनरल गेट्सला लिहिलेलं पत्र त्याने नुकतंच हातावेगळं केलं होतं. त्यातही विषय तोच.

वॉशिंग्टनच्या सैन्याच्या व्हॅली फोर्ज इथल्या हिवाळी छावणीबद्दल आपल्या लेखात ‘अतोनात हाल’ एवढे दोनच शब्द आहेत. २३ डिसेंबर १७७७ रोजी काँग्रेसचे (म्हणजे बंडखोर वसाहतींच्या प्रतिनिधी-सभेचे) अध्यक्ष हेन्री लॉरेन्स यांना वॉशिंग्टनने आकडा कळवला होता : २,८९८ माणसं पायात जोडा नाही, अंगावर धड कपडा नाही म्हणून कामाला निरुपयोगी. त्याच वर्षांत आपले नाना फडणवीसही इंग्रजांशीच झुंजत होते, आणि नानांवर लिहिताना पत्रांना वगळून कुणी पुढे जात नाही.

१७८१ मध्ये, लढाई चालू असतानाच, वॉशिंग्टनने कारकून नेमून हा पत्रव्यवहार वह्यांत उतरवून घ्यायला सुरुवात केली. काम रिचर्ड व्हॅरिककडे होतं. सूचना वाचून मी तर चाटच पडलो : सारख्या अंतरावर काळ्या रेघा आखून लिहावं, सगळ्या वह्यांचा समास एकच असावा, सूची स्पष्ट असावी. एकूण ४४ वह्या झाल्या.

पुढच्या वेळी घोड्यावरचं चित्र थोडं लहान छापा आणि शेजारी रीडला लिहिलेली ती चिठ्ठी मराठीत द्या. अर्धा कॉलमही लागणार नाही.

आपला,
एक निवृत्त लिपिक, सातारा