उत्तरार्ध ताणलेला नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

क्रिस्टिन हॅना यांची 'द विमेन' (2024) ही व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकन लष्करी परिचारिकेची कादंबरी वाचून होणारी एक तक्रार कानावर येते: व्हिएतनामचा भाग जिवंत आहे, पण परिचारिका घरी परतल्यावरचा भाग उगाच ताणला आहे. हे अजिबात पटत नाही. परतल्यावरचे दुखणे तिथल्या कामाच्या पद्धतीतच रुजलेले होते.

हेलिकॉप्टरमधून जखमी उतरले की आधी वर्गवारी. लगेच शस्त्रक्रिया केली तर वाचेल तो पहिला, थांबू शकेल तो नंतर, किरकोळ जखमेचा शेवटी. चौथा गट 'एक्स्पेक्टंट'. शब्दकोश पाहून कुणी 'आशा असलेला' असा अर्थ लावेल. प्रत्यक्षात तो मरणार असे धरलेला. त्याला पडद्याआड ठेवून मॉर्फिन द्यायचे. शांत दिवशी त्यातला एखादा वाचलाही असता, पण त्याच्यावर टेबल तासन्‌तास अडकले तर मागचे दोघे-तिघे दगावणार. ही निवड पुष्कळदा 22-23 वर्षांच्या मुलीवर यायची. पाळी 12 तासांची, आठवड्याचे सहा दिवस, वर्षभर.

मग मायदेशातले रुग्णालय. छातीत नळी घालणे, श्वासनलिकेला छेद देणे व्हिएतनाममध्ये हातात बसलेले. इथे ती नवशिकी. बेडपॅन, रात्रपाळी आणि डॉक्टर येईपर्यंत हात बांधून उभे राहणे. समोरचा रुग्ण गुदमरतोय, काय करायचे ते येतेय, तरी करायचे नाही. वॉर्डात काम केलेल्यांना यातले दुःख समजावून सांगावे लागत नाही.

परतलेल्या नायिकेला कादंबरीत ऐकवले जाणारे 'व्हिएतनाममध्ये बायका नव्हत्याच' हे वाक्यही लेखिकेने मनाने रचलेले नाही. लष्करी सेवेत तिथे सुमारे 11,000 स्त्रिया होत्या, त्यांतल्या दहापैकी नऊ परिचारिका. मदत मागायला गेलेल्यांना तरीही हेच ऐकावे लागले. पीटीएसडी (भीषण अनुभवानंतर मागे राहणारा मानसिक आजार) हे निदान अमेरिकन मानसोपचाराच्या अधिकृत पुस्तिकेत आले ते 1980 मध्ये. तोवर या त्रासाला हे अधिकृत नाव नव्हते. वॉशिंग्टनमधले स्त्रियांचे स्मारक तर 11 नोव्हेंबर 1993 चे, सैन्य परतून वीस वर्षे झाल्यावरचे.

मराठीत ही कादंबरी आणणाऱ्यांना एक विनंती. 'एक्स्पेक्टंट' हा शब्द तसाच ठेवावा आणि अर्थ तळटीपेत न ढकलता तिथल्या तिथे, मजकुरातच द्यावा. तो निसटला तर नायिकेची पुढची दारू आणि गोळ्या वाचकाला नुसते व्यसन वाटेल.

— एक निवृत्त पाठ्यनिर्देशिका (नर्सिंग), मिरज