डाव्या कोपऱ्यातली आद्याक्षरं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ‘मुलींना आवडणारी इंग्रजी गाणी’ हा लेख वाचला. गुलाबी चौकट, बदामाची चित्रं आणि आत वीसेक गाण्यांची यादी. एकंदर सूर असा, की ही गाणी म्हणजे प्रेमभंग, रडारड आणि नाच. यादीवर माझं काही म्हणणं नाही, त्यातली निम्मी मला पाठ आहेत. (त्यातलं ग्लोरिया गेनरचं ‘आय विल सर्व्हाइव्ह’ आमच्या घरात सगळ्यात मोठ्यानं आमचे हेच म्हणतात, दाढी करताना.) पण एका गाण्याची बोळवण लेखकानं ‘ठेका छान’ एवढ्यावर केली आहे, त्यासाठी हा पत्रप्रपंच.

ते गाणं अमेरिकी गायिका डॉली पार्टनचं ‘नाइन टू फाइव्ह’, म्हणजे नऊ ते पाचची नोकरी. त्याच नावाचा चित्रपट १९८० च्या डिसेंबरात आला आणि १९८१ च्या फेब्रुवारीत गाणं अमेरिकेत बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं. चित्रपटाला निमित्त होतं बॉस्टनच्या ऑफिसांतल्या बायकांनी १९७३ मध्ये काढलेल्या संघटनेचं. मी तेव्हा फोर्टमधल्या एका कंपनीत टायपिस्ट होते. आमच्यापर्यंत गाणं पोचायला दोन-तीन वर्षं गेली. बांद्र्याहून येणारी एक मैत्रीण कॅसेट घेऊन आली आणि जेवणाच्या सुट्टीत तिनं ती लावली. टकटक सुरू झाली तशा आम्ही सगळ्या डबे तसेच ठेवून एकमेकींकडे बघायला लागलो. आमचंच मशीन!

तो ठेका नखांतून आला हे मला फार नंतर कळलं. चित्रपटात डॉलीबाईंचं कामही होतं. चित्रीकरणाच्या वेळी मधल्या रिकाम्या वेळात त्या आपली लांब, चिकटवलेली नखं एकमेकांवर घासायच्या. त्यातून गाणं सुचलं आणि रेकॉर्डवरही ती नखं वाजली. आमची नखं मात्र बोटासरशी कापलेली, कारण वाढवली की दोन कळांच्या फटीत अडकायची. वर मूळ कागद, खाली चार कार्बन; शेवटच्या प्रतीवर अक्षर उमटायचं तर बोट आपटावंच लागे. चूक झाली की पाचही प्रती खोडत बसा. संध्याकाळी डबा धुताना बोटांची टोकं निळी.

त्या गाण्यातली बाई कुढते ती कामावरून. डोकं तिचं वापरतात आणि श्रेय देत नाहीत, ही तिची तक्रार. आमच्या साहेबांचं इंग्रजी यथातथाच होतं. पत्र ते सांगायचे, मी सरळ करून टाइप करायची. खाली सही त्यांची. माझी आद्याक्षरं तळाला डाव्या कोपऱ्यात, तीही लहान लिपीत, तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे. एकदा एका पत्राबद्दल हेड ऑफिसातून साहेबांची तारीफ आली, तेव्हा मी त्याच तारीफपत्राची पोच टाइप करत होते.

आता लेखकाच्या यादीतलीच आणखी दोन गाणी घ्या. ‘रिस्पेक्ट’ १९६५ मध्ये ओटिस रेडिंगनं लिहिलं आणि गायलं. त्यात नवरा कमाई घेऊन घरी येतो आणि बायकोकडे मान मागतो. १९६७ मध्ये अरिथा फ्रँकलिननं तेच गाणं बाईच्या तोंडी घातलं. ‘रिस्पेक्ट’ची अक्षरं एकेक करून उच्चारणं तिनं घातलं, मागे साथीला तिच्या बहिणी. रेडिंग त्याच वर्षी कॅलिफोर्नियात माँटेरीच्या जलशात हसत म्हणाला, की एका मुलीनं हे गाणं माझ्याकडून पळवलं. पळवलं खरं, पण अमेरिकेतल्या साध्या रेडिओवर गाणं वाजलं की पैसे गीतकार आणि प्रकाशकाला मिळतात, गाणाऱ्याला नाही. म्हणजे आयुष्यभर तिचा आवाज वाजत राहिला आणि रेडिओचे पैसे गेले रेडिंगच्या खात्यावर. सिंडी लॉपरचं १९८३ चं ‘गर्ल्स जस्ट वाँट टू हॅव फन’ही मुळात रॉबर्ट हॅझर्डचं, पुरुषाच्या बाजूनं लिहिलेलं. तिनं शब्द फिरवले तेव्हा कुठे ते मुलींचं झालं. कागदोपत्री गीतकार मात्र तोच.

डॉलीबाई या बाबतीत पक्क्या. ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ त्यांनी स्वतः लिहिलेलं. एल्व्हिस प्रेस्ली ते गाणार होता, पण त्याच्या मॅनेजरनं प्रकाशनाचे निम्मे हक्क मागितले. बाई घरी येऊन रडल्या, पण हक्क दिले नाहीत. पुढे १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टननं ते गायलं, चौदा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं आणि गीतकार म्हणून पैसे डॉलीबाईंना मिळाले. माझी नात टेलर स्विफ्टची भक्त आहे. जुन्या अल्बमांच्या मूळ रेकॉर्डिंगचे हक्क तेव्हा हातात नव्हते म्हणून स्विफ्टनं २०२१ पासून ते पुन्हा गाऊन काढले, हे मला नातीनंच सांगितलं. जुनी रेकॉर्ड कुणी लावली तर नात ती बंद करायला लावायची.

आपल्या लेखातल्या वीस गाण्यांपैकी एकाहीपुढे गीतकाराचं नाव नाही, आणि सहा ठिकाणी तर गायिकेचंही नाही. पुढच्या वेळी यादी छापाल तेव्हा प्रत्येक गाणं कुणी लिहिलं, कुणी बदललं, कुणी गायलं एवढं तरी द्यावं. जागा नसेल तर चौकटीच्या तळाला, डाव्या कोपऱ्यात, लहान टाइपात चालेल.

आपली,
एक निवृत्त टायपिस्ट,
डोंबिवली (पूर्व)