भंगारवाल्याला हाक मारायच्या आधी खुर्ची उलटी करून बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या भागात सध्या सगळीकडे रिडेव्हलपमेंट चालू आहे आणि रोज सकाळी गेटपाशी कुणाचं ना कुणाचं जुनं फर्निचर टेम्पोत चढताना दिसतं, ते बघून राहवलं नाही म्हणून लिहितेय. आमचंही तसंच होणार होतं. डायनिंग टेबलाभोवतीच्या सहा खुर्च्या, गोल बैठकीच्या, वाकवलेल्या पाठीच्या, वेत विणलेल्या. सासरे ग्रँट रोडला राहायचे तेव्हा खालचं इराणी हॉटेल बंद झालं आणि त्यांनी त्या घेतल्या. चाळीसेक वर्षं आम्ही त्यांवर जेवलो, मुलांनी अभ्यास केला, पण त्या कुठल्या हे कधी कुणी विचारलं नाही. जुन्या फर्निचरवाल्याने येऊन सहांचे मिळून तीन हजार सांगितले, वर "वेत फाटलाय, घेतोय हेच खूप" असंही म्हणाला, आणि मी जवळजवळ हो म्हणणार होते.

पुसायला म्हणून एक उलटी केली तर बैठकीच्या कड्याला आतून कागदाचं अर्धवट लेबल, त्यावर कोन हे नाव आणि खाली वीन, म्हणजे व्हिएन्ना! मग मी शोधायला लागले. अशी खुर्ची मिखाएल थोनेट या कारागिराने १८५९ मध्ये बाजारात आणली, तिचा नंबर १४. बीच लाकडाच्या काठ्या वाफेवर मऊ करायच्या, बाहेरच्या अंगाला लोखंडी पट्टी लावून साच्यात वाकवायच्या आणि तशाच वाळवायच्या. सगळी खुर्ची सहा तुकड्यांची, दहा स्क्रू आणि दोन नट. सुट्या करून एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या मावायच्या, त्यामुळे बोटीने जगभर गेल्या. १८६९ मध्ये थोनेटचं पेटंट संपलं आणि मग कोनसारख्या बऱ्याच कंपन्यांनी तशाच खुर्च्या काढल्या. म्हणजे इराण्याकडे दिसणारी प्रत्येक खुर्ची थोनेट नसते, हे दुकानदार सांगत नाहीत. कोन कंपनी १९१४ मध्ये मुंडस नावाच्या कंपनीत मिसळली, म्हणून नुसतं कोन लिहिलेली आमची खुर्ची बहुतेक त्याच्या आधीची. लेबलवर चेकोस्लोव्हाकिया असतं तर १९१८ नंतरची म्हटली असती कारण त्याआधी तो देशच नव्हता.

पण सहाच्या सहा सारख्या नव्हत्या आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लाकडाच्या रेषा बघायच्या. खरोखर वाकवलेलं असेल तर रेषा वळणाबरोबर वळतात, फळीतून कापून गोलाई काढली असेल तर रेषा सरळ जाऊन कडेला तुटतात. आमच्या चार खुर्च्यांच्या रेषा वळतात आणि दोघींच्या तुटतात, त्या दोन सागाच्या, इथल्याच कुणा सुताराने जोड म्हणून केलेल्या, आणि इतक्या हुबेहूब की इतकी वर्षं घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. एकीला तर प्लसचा स्क्रू आहे, तो १९३० च्या दशकात आला, म्हणजे ती नंतरची किंवा निदान दुरुस्त केलेली.

आता किमतीचं. दुसऱ्या एका दुकानदाराने फोटो बघून चार खुर्च्यांचे प्रत्येकी आठ हजार सांगितले, तर ऑनलाइन तशाच खुर्चीला लाखाचा बोर्ड. बोर्डवरची किंमत म्हणजे कुणीतरी मागितलेली किंमत, कुणी दिलेली नाही. नंबर १४ च्या १९३० पर्यंत पाच कोटी खुर्च्या विकल्या गेल्या होत्या, त्यामुळे नुसत्या जुनेपणाला लाख रुपये कोण देणार? भाव ठरतो तो लेबल किंवा शिक्का शाबूत आहे का, सेट पूर्ण आहे का, कीड लागलीय का, मूळ पॉलिश राहिलंय का यावर. आणि इथेच लोक घात करून घेतात, विकायच्या आधी चकाचक करतात. आमच्या शेजारच्या काकूंनी पॉलिशवाल्याकडून सँडपेपर मारून मेलामाइन करून घेतलं, खालचं लेबल त्यात गेलं, आता त्यांच्या खुर्च्या कुणाच्या ते सांगता येत नाही. फार वाईट वाटलं. फाटलेला वेत परत विणून घेता येतो हो, लेबल परत येत नाही.

अजून एक. "फॉरेनचं गिऱ्हाईक आहे, लगेच द्या" असं कुणी म्हणालं तर थांबा. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होऊ शकतो आणि तसं झालं तर सरकारी परवानगीशिवाय ती देशाबाहेर नेता येत नाही. पुरातत्त्व खात्याकडे आधी विचारून घेतलेलं बरं.

माझी विनंती एवढीच की आपल्या रविवारच्या पुरवणीत महिन्यातून एकदा अर्धं पान द्या, वाचकांनी घरातल्या जुन्या वस्तूंचे फोटो पाठवावेत, वरून, खालून, जोडांचे, आणि जाणकाराने ती वस्तू काय आहे, काय करू नये, साधारण भाव काय हे सांगावं. म्युझियमवाल्यांनाही विचारून बघा. घरं पाडायचं काम जोरात आहे, त्यामुळे पावसाळ्याआधी सुरू झालं तर उपयोग होईल. सुरुवातीला आमच्या खुर्चीचे फोटो सोबत जोडलेत, लेबलचाही आहे.

आपली,
एक वाचक, डोंबिवली