शिवी एक जण देतो, दोघे ऐकून घेतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोबाइलवरच्या खेळांविषयी आपल्याकडे जे छापून येते, त्यात व्यसन, बुडालेले पैसे आणि बिघडलेला अभ्यास हेच विषय असतात. सरकारचे आणि कंपनीचे लक्षही अशाच गोष्टींवर राहिले. सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली ती माहितीच्या सुरक्षेपायी. जुलै २०२१ मध्ये पबजीचाच भारतीय अवतार बीजीएमआय आला तेव्हा कंपनीने १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तासांची आणि रोजच्या खर्चाला ७,००० रुपयांची मर्यादा घातली. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायला बंदी केली आणि ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, मान्यता दिली. वेळ मोजला, पैसा मोजला. लेकरांच्या कानात रोज रात्री काय पडते, याचा हिशोब मात्र कुणाच्याच वहीत नाही.

मी परभणीत राहते, नोकरी करते आणि जेवणे आटोपली की धाकट्या भावासोबत चौघांच्या संघाने खेळायचे बंदुकांच्या लढाईचे खेळ खेळते. जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आपले चौघे नसले तर उरलेल्या जागी गेम कुणालाही आणून बसवतो. तो नांदेडचा असेल, इंदूरचा असेल, पाटण्याचा असेल. सगळ्यांचे माइक सुरू असतात आणि पुढची वीस-पंचवीस मिनिटे ओळखदेख नसलेली ही माणसे एकमेकांच्या कानात बोलत राहतात.

यात खरी मजा आहे. माइकवर नीट बोलणारा खेळाडू नेमबाजीत कच्चा असला तरी हवाहवासा वाटतो. भावाचा एक मित्र आहे, तो म्हणतो, "२१० वर एक हाय, दगडामागं. एकटाच हाय." २१० म्हणजे स्क्रीनच्या वरच्या पट्टीवरचा होकायंत्राचा आकडा. दिशा, जागा, माणसे किती, एवढे सांगितले की तो गप्प. गप्प बसण्याला कारण आहे. शत्रू जिना चढत असला की हेडफोनमध्ये त्याच्या पावलांचा आवाज येतो आणि पुष्कळदा तेवढ्यावरच जीव वाचतो. नेमका त्याच वेळी आधीच मेलेला भिडू "अरे डावीकडं, डावीकडं, मार की!" म्हणून ओरडला तर जिवंत असलेलाही जातो. म्हणून आपण मेलो की तोंड बंद, हा पहिला रिवाज. घरात टीव्ही लागलेला असेल, कुकरच्या शिट्ट्या होत असतील तर माइक बंद ठेवावा आणि बोलायचे तेव्हाच उघडावा. हेडफोन नसेल तर आपल्याच गेमचा आवाज फिरून सगळ्यांच्या कानात जातो, हेही नव्या पोरांना ठाऊक नसते. एकदा सांगितले की कळते, त्यात रागावण्यासारखे काही नाही.

शिवीगाळीचे तसे नाही. ती न कळून होत नाही. कुणी लवकर मेला, कुणी दुसऱ्याने हेरलेली बंदूक उचलली, कुणाचे नेट अडकले, एवढ्यावरून आई-बहिणीचा उद्धार सुरू होतो. आपला मराठवाड्याचा मुलगा "थांब, यायलोय" म्हणाला की पलीकडून त्याच्या बोलण्याची नक्कल होते, "गावठी" म्हणून हिणवले जाते. आयडीत आडनाव दिसले तर जात विचारणारेही भेटतात. आपली पोरे यात मागे नाहीत. बिहारच्या किंवा दक्षिणेकडच्या मुलांची टिंगल करताना मी त्यांना ऐकले आहे आणि त्याची मला लाज वाटते.

मुलींचे तर विचारूच नका. एक शब्द बोलले की "लडकी है क्या?" येतेच. मग कुणी इन्स्टाचा आयडी मागतो, कुणी गाणे म्हणायला सांगतो. नाही म्हटले की शिव्या, आणि नॉक झालो, म्हणजे गोळी लागून पडलो, तर उचलायलाही कुणी येत नाही. माझ्या ओळखीच्या बहुतेक मुली माइक कायमचा बंद ठेवून खेळतात. नकाशावर खूण करायची किंवा तयार संदेशाचे बटण दाबायचे, एवढेच त्यांचे बोलणे. तोंडाने सांगायला एक क्षण लागतो तिथे बोटाने तीन लागतात आणि तोवर गोळी लागलेली असते. मग "मुलींना खेळता येत नाही" हेही त्यांनीच ऐकून घ्यायचे.

माझे खरे म्हणणे मात्र शिव्या देणाऱ्याबद्दल नाही. चौघांत एक शिव्या देतो, एक खातो. उरलेले दोघे काय करतात? ते म्हणतात, "सोड ना, गेमवर ध्यान दे." आणि हे "सोड ना" नेहमी शिव्या खाणाऱ्याला सांगितले जाते, देणाऱ्याला कधीच नाही. एका रात्री असाच एक अनोळखी भिडू माझ्यावर घसरला. तेव्हा भावाचा सेलूचा मित्र, जो एरवी शब्दही बोलत नाही, आवाज न चढवता म्हणाला, "भाऊ, नीट बोल. न्हाई तर आम्ही तिघं तुला म्यूट करणार आन् रिपोर्ट मारणार." तो अनोळखी काहीतरी पुटपुटला आणि गेम सोडून गेला. आम्ही तिघेच उरलो, लवकर हरलोही. पण त्या डावात पुढे मी माइक उघडा ठेवून खेळले.

यंत्र हे काम करेल, असे कुणी म्हणेल. २०२३ मध्ये कॉल ऑफ ड्यूटी या खेळाने माइकवरचे बोलणे ऐकून शिवीगाळ हेरणारी यंत्रणा आणली, ती सुरुवातीला इंग्रजीपुरती. त्याच वर्षी एक्सबॉक्स या टीव्हीला जोडायच्या गेम यंत्राने बोलण्याची ६० सेकंदांची फीत तक्रारीसाठी जपून ठेवायची सोय दिली. चांगलेच झाले. पण आपली मराठी, संभाजीनगरची दखनी उर्दू आणि दोन्हींची सरमिसळ करून दिलेली शिवी त्या यंत्राला कधी कळणार? ती त्या क्षणी कळते फक्त सोबत खेळणाऱ्या दोघांना. म्हणून मी त्यांच्याकडे बोट दाखवते.

त्यांनी करायचे फार थोडे आहे. "नीट बोल" एवढे एकदा म्हणायचे. ऐकले नाही तर नावाशेजारच्या स्पीकरच्या खुणेवरून त्याला म्यूट करायचे आणि डाव संपला की तिथल्या तिथे तिघांनीही तक्रार नोंदवायची. स्क्रीन रेकॉर्डिंग चालू असेल तर पुरावा हाताशी राहतो. धमकी किंवा पाठलागापर्यंत गोष्ट गेली तर ती खेळातली राहत नाही. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने उच्चारलेल्या शब्दांसाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर घरबसल्या तक्रार करता येते.

पालकांना एवढीच विनंती की, लगेच मोबाइल हिसकावून घेऊ नका. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेच्या क्लाससाठी लातूरला खोली करून राहणारी हिंगोली-नांदेडची मुले रात्री तासभर याच माइकवर गावाकडच्या मित्रांना भेटतात. ती भेट तुटू नये. त्यापेक्षा घरी आलेल्या मुलाला एखाद्या रात्री हेडफोन काढून, स्पीकरवर खेळायला सांगा आणि शेजारी बसून ऐका. आईसमोर कोण काय बोलतो आणि आपला मुलगा त्यावर काय करतो, दोन्ही कळेल.

आपल्या विभागातल्या अनेक महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत आता अशा खेळांच्या स्पर्धा होतात. कबड्डीच्या मैदानावर कुणी शिवी दिली तर पंच कार्ड दाखवतो. इथे तो नियमच लिहिलेला नसतो. आयोजकांनी तो लिहावा आणि माइक ऐकायला एक माणूस बसवावा. पहिल्या शिवीला ताकीद द्यावी, दुसरीला गुण कापावेत. गुण कापायचे ते एकट्याचे नव्हे, चौघांचे. म्हणजे उरलेल्या दोघांना तोंड उघडावेच लागेल.

आपली,
एक वाचक, परभणी