शिबिरातल्या अनाम हातांचे आभार

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या रक्तदान शिबिरांत ज्यांची नावं फलकावर येत नाहीत, त्यांचे आम्ही रक्तपेढीचे तंत्रज्ञ मनापासून आभार मानतो.

नोंदणीवरच्या मुलींनो, वजन ४५ किलोच्या खाली किंवा हिमोग्लोबिन १२.५ पेक्षा कमी असलेल्याला तुम्ही न दुखवता परत पाठवता. हे सोपं नाही. उपाशी आलेल्याला आधी खायला घालता, भोवळीचे निम्मे प्रसंग तिथेच टळत असावेत.

सिस्टर, रांग कितीही वाढो, हातावरचं जंतुनाशक वाळल्याशिवाय तुम्ही सुई लावत नाही. आपल्या दमट हवेत ते लवकर वाळत नाही, पुसून टाकायचा मोह होतो. पण पुसलं की त्याचं काम अर्धवट राहतं आणि कातडीवरचे जंतू सुईबरोबर पिशवीत जाऊ शकतात. पिशवी हलकेच हलवत राहणाऱ्यांचेही आभार: ३५० मिलि रक्त आतल्या ४९ मिलि गुठळीरोधक द्रावणात मिसळलं नाही, तर गुठळ्या होऊन पिशवी फुकट जाते.

घाम फुटून चेहरा पांढरा पडताच सुई काढायला लावून दात्याचे पाय उंच धरणारे, ‘कोपर दुमडू नका, कापूस दाबून धरा’ असं शंभरदा सांगणारे, कोकम सरबत हातात देऊन पंधरा मिनिटं बसवून ठेवणारे, तुमच्यामुळे दाते पुन्हा येतात.

आणि बर्फवाले दादा, पेटीतला बर्फ आणि रक्ताच्या पिशव्या यांच्या मधे पुठ्ठा तुम्हीच आठवणीने घालता. बर्फाला थेट टेकून रक्त गोठलं, तर तांबड्या पेशी फुटतात.