बंदुकीच्या हक्काचा कैवार आणि कंपनीचा पैसा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सिंधुदुर्गात शेतसंरक्षणाच्या परवान्यावर बंदूक बाळगणारी शेतकरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. अलीकडे याच घरांतील तरुण मुले अमेरिकेतील बंदूकप्रेमींच्या यूट्यूबवरील चित्रफिती तासन्‌तास पाहतात आणि ‘बंदूक हा माणसाचा मूलभूत हक्क आहे’ असे नाक्यावर ठासून सांगतात. अमेरिकेत त्याला आधार आहे: तेथील राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती 1791 ची असून, 2008 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो व्यक्तीचा हक्क मानला. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, 1959 प्रमाणे बंदूक परवान्यानेच मिळते, आणि असा मूलभूत हक्क आपल्या घटनेत नाही हे आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 2023 मध्ये नमूद केले आहे. मात्र या पत्राचा विषय कायदा हा नसून, हक्काची भाषा करणाऱ्याला पैसा कोण पुरवतो हे पाहणाऱ्याला कळते की नाही, एवढाच आहे.

या चित्रफितींचा बाज ठरलेला असतो. पहिली काही मिनिटे सरकार तुमच्या बंदुकांवर टपले आहे हे सांगण्यात जातात, मग स्वातंत्र्याची आण घेतली जाते, आणि मध्येच त्याच आवेशात एखाद्या दुर्बिणीचे, काडतुसांचे किंवा कमरेच्या म्यानाचे नाव येते व सवलतीचा कोड पडद्यावर झळकतो. त्या कोडवर खरेदी झाली की बोलणाऱ्याला वाटा मिळतो. पुष्कळदा हातातली बंदूकही कंपनीनेच ‘परीक्षणासाठी’ पाठवलेली असते. यूट्यूबने 2018 मध्ये शस्त्रविक्रीच्या चित्रफितींवर निर्बंध आणल्यानंतर आणि जाहिरातींचे उत्पन्न बेभरवशाचे झाल्यानंतर ही मंडळी थेट प्रायोजकांवर अधिकच विसंबू लागली. त्यात अमेरिकेत नव्या निर्बंधाची नुसती कुणकुण लागली तरी बंदुकांचा खप वाढतो, हे वारंवार दिसले आहे. म्हणजे भीती घालणे हे हक्काचे रक्षणही ठरते आणि धंद्याची बरकतही, आणि यातले कोणते कधी चालू आहे हे प्रेक्षकाला उमगत नाही.

प्रायोजकाचा हात किती लांब पोहोचतो याची दोन उदाहरणे जुनी असली तरी बोलकी आहेत. जिम झुम्बो या नामांकित शिकारलेखकाने 2007 मध्ये विशिष्ट लष्करी घाटणीच्या रायफली शिकारीला नकोत असे लिहिले, तर अवघ्या काही दिवसांत त्याची प्रायोजक असलेल्या रेमिंग्टन या बंदूक कंपनीने त्याच्याशी संबंध तोडले. डिक मेटकाफ यांनी 2013 मध्ये एका बंदूकविषयक मासिकात ‘प्रत्येक हक्काला काही मर्यादा असते’ अशा आशयाचा लेख लिहिला आणि त्यांचे सदर बंद झाले. त्यांनी लिहिणे चालू ठेवले तर व्यवहार थांबवू, असे बड्या उत्पादकांनी मासिकाला कळवले होते. दोन्ही वेळा आधी वाचक खवळले आणि मग कंपन्या हलल्या, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तरीही असे दोन लेखक घरी बसलेले पाहिल्यावर तिसरा लेखणी उचलताना काय लिहायचे नाही हे आपसूक शिकतो.

पैसे घेणारा प्रत्येक जण खोटाच असतो, असे मी म्हणत नाही. प्रायोजकाला न रुचणारे बोलायची वेळ आली की माणूस काय करतो, त्यावरून त्याची पारख होते. बंदुका बनवणाऱ्या स्मिथ अँड वेसन कंपनीने 2000 मध्ये क्लिंटन सरकारशी बंदुकांवरील काही निर्बंध मान्य करणारा समझोता केला, तेव्हा तेथील बंदूकधारकांनी याच कंपनीच्या मालावर बहिष्कार टाकला. त्यांचे मत मला पटत नाही. पण तो कैवार खरा होता, कारण तो बंदूक बनवणाऱ्याच्याच मुळावर आला.

आता आपल्याकडे. मराठी आणि हिंदीत एअरगनच्या ‘परीक्षणां’चे पेव फुटले आहे. 0.177 इंच व्यासापर्यंतच्या आणि 20 ज्यूलपर्यंत शक्तीच्या एअरगनला परवाना लागत नाही, हे त्यांत आवर्जून सांगितले जाते; पण तिचा वापर रानातल्या जनावरावर केला तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 आडवा येतो, हे क्वचितच कोणी उच्चारतो. असल्या छऱ्याने रानडुक्कर मरत नाही, बिथरते, आणि बिथरलेले डुक्कर काजूच्या बागेत गवत काढणाऱ्या बाईमाणसांवर जाते. बंदूक फुकट मिळाली की विकत घेतली, हे विचारले तर उत्तर येत नाही.

वास्तविक केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितले आहे की, पैसे, भेट किंवा फुकट वस्तू घेऊन शिफारस करणाऱ्याने ते उघड केले पाहिजे, आणि चित्रफितीत ते तळाच्या मजकुरात न दडवता प्रत्यक्ष दाखवून व बोलून सांगितले पाहिजे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दंड 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत आहे. (वृत्तपत्रांतील बातमीसारख्या दिसणाऱ्या जाहिरातींवरचा बारीक ‘जाहिरात’ हा शब्दही या निमित्ताने थोडा मोठा व्हावा.)

याउलट शेतकऱ्याचे खरे गाऱ्हाणे कोणत्याच वाहिनीवर नाही. विधानसभेची आचारसंहिता 15 ऑक्टोबर 2024 रोजी लागली, म्हणजे भात ऐन कापणीला आलेले असताना. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात आणि रात्रीत डुकरे उभे शेत लोळवून जातात. शेतसंरक्षणाच्या परवान्यांना सरसकट जमा करण्यातून वगळावे, नूतनीकरण तालुक्यातच व्हावे, या मागण्यांत विकण्यासारखे काही नसल्यामुळे त्यांना प्रायोजक मिळत नाही.

मराठी वाहिनीवाल्यांनी शस्त्र कोणी दिले आणि मोबदला काय, हे पहिल्याच मिनिटात मराठीतून सांगावे. जे सांगत नाहीत त्यांच्याविरुद्ध पाहणाऱ्यांनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. आपणही आपल्या जिल्हा आवृत्तीत शेतसंरक्षण परवान्याच्या प्रश्नाला जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक परवानाधारक बागायतदार
तालुका कुडाळ, जिल्हा सिंधुदुर्ग